वर्गातली मराठी ऑनलाइन गेल्यावर कुठं जाते? (सीमाभागातल्या कॉलेजांविषयी धागा)

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका पदवी कॉलेजात वाणिज्य शिकवतो, सोळा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं की पुढच्या सेमिस्टरपासून प्रत्येक विषयाचा काही भाग ऑनलाइन न्यायचा. कुठला भाग न्यायचा ते ज्यानं त्यानं पंधरा दिवसांत लिहून द्यायचं आहे. आताची मुलं डिजिटल युगातली, त्यांना हेच आवडतं, असं बोलणं झालं. कल्पना तशी जुनीच. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला, त्यातच विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल असं होतं. माझा त्याला विरोध नाही. पण एक गोष्ट मला मीटिंगमध्ये नीट सांगता आली नाही, ती इथं मांडतो.

आमच्या वर्गाचं माध्यम इंग्रजी. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. समोर बसलेल्यांतली निम्म्याहून जास्त मुलं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, बाकीची बरीचशी कन्नड शाळेतली, चार-पाच उर्दू शाळेतली. मी फळ्यावर इंग्रजीत लिहितो आणि बोलताना ज्याचा चेहरा कोरा दिसेल त्याच्या भाषेत शिरतो. हे कुठल्या नियमात नाही, वेळापत्रकात नाही, पण वर्ग चालतो तो यावरच.

मागच्या महिन्यातलं सांगतो. डेप्रिसिएशन शिकवत होतो. यंत्र एक लाखाचं, दर १० टक्के. सरळ रेषा पद्धतीनं दरवर्षी १०,००० जातात. घटत्या शिलकीच्या पद्धतीनं पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी ९,०००, तिसऱ्या वर्षी ८,१००. आकडे सगळ्यांनी उतरवून घेतले. पण आकडे का उतरत जातात ते कुणाला कळलेलं नाही, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, ‘अरे, घसारा. घासून घासून झिजतं ना, तो.’ तसा मागच्या बाकावरचा मुलगा उठला. त्याच्या वडिलांची भाताची गिरण आहे. म्हणाला, ‘सर, आमचा रबर रोल झिजतो आणि आम्ही नवा घालतो, तोच काय घसारा?’ असा प्रश्न पुस्तकात कुठंच नाही. मी सांगितलं, रोल बदललास तो दुरुस्तीचा खर्च, त्याच वर्षाच्या हिशेबात गेला. रोल बदलत राहिलास तरी दहा वर्षांनी गिरण कुणी घेईल काय नव्याच्या भावात? ती जी किंमत गेली, तो घसारा. पुढच्या बाकावरची कन्नड शाळेतली मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, ‘सवकळी.’ म्हणजे कन्नडमध्ये घसारा. आणि दोन मिनिटांत अख्खा वर्ग हलला. पुढं गणितं मुलांनीच सोडवली.

आता लॉकडाऊनमध्ये याच धड्याचं मी केलेलं रेकॉर्डिंग बघा. ४५ मिनिटं, स्वच्छ इंग्रजी, एकही चूक नाही आणि एकही मराठी शब्द नाही. लिंक कुठवर जाईल सांगता येत नाही म्हणून जपून बोललो होतो. गिरणही नाही, सवकळीही नाही. त्या वर्षी परीक्षेत हाच प्रश्न आला. मुलांनी व्याख्या पाठ लिहिली आणि गणित सोडून दिलं.

यात कुणाचा आकस आहे असं मी म्हणत नाही. आमचं बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं. त्याआधी इथं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. विद्यापीठाच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यासाठी एकच व्याख्यान रेकॉर्ड करायचं ठरलं तर ते इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्येच होणार. तिकडं विजयपूरच्या मुलाला माझी मराठी काय कामाची? पण जांबोटीच्या मुलासाठी वर्गात जी मराठी रोज मिळायची, ती या बदलात कुणी न काढताच निघून जाते. कागदावर ती नव्हतीच, त्यामुळे गेल्याचीही कुठं नोंद होत नाही.

मला काय लिहून द्यावं? ज्यांनी हे अंगावर घेतलंय, विद्यार्थी, पालक, शिक्षक, त्यांनी सांगा.

कणकुंबी_चढ

सर, मी कणकुंबीकडचा. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीच्या वेळचं ऑनलाइन बघितलंय, त्यावरून सांगतो.

आमच्याकडं घरात रेंज नव्हती. माऊलीच्या देवळापासून वर चढावर गेलं की दोन काड्या यायच्या. पावसाळ्यात तिथं छत्री धरून उभं राहायचं, एका हातात मोबाईल, वही कुठं धरायची? आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. लाईट गेली की कधी येईल सांगता येत नव्हतं. मोबाईल एकच, आम्ही दोघं भाऊ. धाकट्याचा क्लास आणि माझा क्लास एकाच वेळेला. मी मोठा म्हणून त्याला दिला. म्हणजे दहावीचं वर्ष माझं आणि मोबाईल त्याच्याकडं.

आता रेंज बरी आहे. टॉवर झाला. तरी लाईव्ह क्लास नको वाटतो. मध्येच आवाज तुटला की मग पुढचं काहीच लागत नाही, आणि ‘सर, परत सांगा’ असं सगळ्यांसमोर माइक चालू करून म्हणायला जीभ उचलत नाही. इंग्रजीत विचारायचं काय मराठीत, तेच कळत नाही. वर्गात तसं नसतं. वर्गात शेजारच्याला कोपर मारून विचारता येतं.

आणखी एक. सगळे म्हणतात तुम्हाला मोबाईल येतो. रील बघायला येतंय की, खरं दोनशे पानांच्या पीडीएफमध्ये एक शब्द कसा शोधायचा ते मला गेल्या वर्षी कळलं. ते पण मित्रानं दाखवलं.

तुमचा घसाऱ्याचा भाग वाचून मला परत तो धडा काढावासा वाटला. आमच्या सरांनी पण असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

उपग्रहकाळ

मलप्रभाकाठ सर, तुमचा मुद्दा मनाला भिडला. मी अभियांत्रिकीचा निवृत्त शिक्षक. आपल्या भागानं दूरचं शिक्षण फार आधी बघितलं आहे आणि त्याची आठवण कुणीच काढत नाही, म्हणून लिहितो.

इस्रोनं २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट सोडला, फक्त शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह. त्याच्या प्रायोगिक टप्प्यासाठी तीन राज्यांतली विद्यापीठं निवडली होती: महाराष्ट्रातून नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, मध्य प्रदेशातून राजीव गांधींच्या नावाचं तांत्रिक विद्यापीठ आणि कर्नाटकातून आपल्या बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ. कॉलेजात एक खोली, गच्चीवर डिश, समोर पडदा. ठरल्या वेळी तज्ज्ञ प्राध्यापक पडद्यावर यायचे. अशा माणसांचं व्याख्यान ऐकायला आमच्या मुलांना एरवी मिळालं नसतं, आणि ते मला आजही मोठं वाटतं.

त्या खोलीत मी बसायचो. पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळली. ज्या दिवशी मी नुसता हजेरी घेऊन स्टाफरूममध्ये जायचो, त्या दिवशी मुलं पडद्याकडं बघत बसायची आणि काही घेऊन जायची नाहीत. ज्या दिवशी मी मागं बसून व्याख्यान संपल्यावर पंधरा मिनिटं ‘आता सांगा, ते काय म्हणाले’ असं विचारायचो, त्या दिवशी वर्ग तुम्ही म्हणता तसा हलायचा. पडदा तोच, प्राध्यापक तेच. पावसाळ्यात आणखी एक अडचण यायची. उपग्रहावरून येणाऱ्या के-यू पट्ट्यातल्या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात, त्यामुळे ऐन जुलैत चित्राचे चौकोन व्हायचे. सप्टेंबर २०१० मध्ये एज्युसॅटची सेवा संपली.

आता थोडं गणित, कारण कणकुंबीच्या मुलाच्या पोस्टचं उत्तर त्यात आहे. साधा व्हिडिओ सेकंदाला ५०० किलोबिट धरला तर तासाला २२५ एमबी होतात, आणि तेही चित्र फारसं चांगलं नसताना. बोलण्याचा आवाज ३२ किलोबिटला अगदी स्वच्छ ऐकू येतो; तासाला १४.४ एमबी. दहा मिनिटांचा तुकडा २.४ एमबी. व्हॉट्सॲपचा आवाज ओपस नावाच्या पद्धतीनं दाबला जातो, तो याहूनही लहान बसतो. म्हणजे चढावर एकदा जाऊन आठवड्याचे सगळे तुकडे उतरवून घेता येतील आणि घरी कंदिलाजवळ बसून ऐकता येतील. आकृती हवी असेल तर फळ्याचा एक फोटो सोबत. वाणिज्यात हलतं चित्र लागतं कुठं?

माझं म्हणणं, थेट प्रक्षेपणाचा हट्ट सोडा. आवाज पाठवा आणि पंधरा मिनिटांसाठी माणूस ठेवा.

नंदगडची_आई

मी शिक्षक नाही. मुलगी बी.ए.ला आहे, म्हणून वाचते. एक गोष्ट सांगायची आहे, ती कुणाच्या लक्षात येत नाही.

कॉलेज म्हणजे मुलीचं घराबाहेर पडणं. २०२३ च्या ११ जूनपासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली. आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट. त्याआधी पासाचे पैसे हा आमच्या घरात दर वर्षी वादाचा विषय होता. तो मिटला. आता पोर सकाळी सातच्या गाडीनं जाते. गाडी भरून येते, उभं राहून जावं लागतं, तरी जाते. चार मुलींबरोबर जाते, वाचनालयात बसते, येताना बाजारातून काय हवं ते आणते. तिच्या बोलण्यात मला फरक दिसतो.

लॉकडाऊनमध्ये ती अकरावीला होती. दहाचा क्लास. दहा म्हणजे आमच्याकडं भाकऱ्यांची वेळ, जनावरांची वेळ. मीच तिला म्हटलंय, ‘घरातच आहेस ना, तेवढं गोठ्याकडं बघून ये.’ ती कानात वायर घालून शेण काढायची आणि क्लास ऐकायची. सासूबाई म्हणायच्या, मोबाईलवर बडबड ऐकते, अभ्यास कुठं करते? कॉलेजात असताना तिला कुणी असं बोलावून घेत नव्हतं. मला आता त्याचं फार वाईट वाटतं.

तर सर, आठवड्यातले दोन दिवस ऑनलाइन झाले तर ते दोन दिवस मुलींचे जातील. मुलांचे जाणार नाहीत, मुलींचे जातील. हे तुमच्या कागदात लिहा.

चिकोडी_मेष्ट्रू

माझी घरची भाषा कन्नड, मराठी मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकताना पक्की केली. माझ्या मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्या.

मलप्रभाकाठ सर जे म्हणतात ते आमच्या कन्नड शाळेतून आलेल्या मुलांना शंभर टक्के लागू आहे. लोकांना वाटतं कन्नड मुलांना इथं अडचण नाही. पदवीला गेल्यावर इंग्रजी पुस्तकापुढं दोघं सारखेच. तुमच्या वर्गात ‘सवकळी’ म्हणणाऱ्या मुलीनं जे केलं ते माझ्या वर्गात मराठी मुलगा करतो. अथणी, कागवाड, रायबागकडं एका बाकावर दोन भाषा बसतात. ऑनलाइनमध्ये बाकच नाही.

पण एक सावधगिरी. पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर मराठी तुकड्यातही मूळ इंग्रजी संज्ञा स्वच्छ उच्चारून, तिचं स्पेलिंग सांगून मग अर्थ सांगा. नाहीतर मुलाला सगळं कळतं आणि पेपरात शब्द ओळखता येत नाही. हे माझ्याकडून झालं आहे. एका वर्षी मी सगळं कन्नडमध्ये छान समजावलं आणि ‘गुडविल’ आल्यावर मुलांनी सदिच्छेवर निबंध लिहिले. धंद्याच्या नावलौकिकाचं मोल असा अर्थ त्यांना माहीत होता, इंग्रजी शब्द त्याच्याशी जोडलेला नव्हता.

आणि एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटींच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमातल्या, बऱ्याच व्याख्यानांच्या लिखित संहितांचे मराठी आणि कन्नड, दोन्हींत अनुवाद झाले आहेत. अभियांत्रिकी-विज्ञानाचं त्यात जास्त आहे. पण दोन भाषांतला अनुवाद शेजारी शेजारी ठेवून शिकवायला तो चांगला नमुना आहे.

मलप्रभाकाठ

मेष्ट्रू सर, संज्ञेचं स्पेलिंग सांगायचं, हे मी टिपून ठेवलं. तुमची मराठी माझ्या अर्ध्या वर्गापेक्षा नेटकी आहे.

नंदगडच्या ताई, तुमची पोस्ट मी घरी वाचून दाखवली. बायको म्हणाली, त्या खरं बोलल्या. अख्खे दिवस ऑनलाइन करायचे नाहीत, हे मी पहिल्या ओळीत लिहीन. करायचंच असेल तर विषयातला तुकडा करायचा, कॉलेजचा दिवस काढून घ्यायचा नाही.

ग्रंथालय_खिडकी

बेळगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, बावीस वर्षं. कणकुंबीच्या मुलानं पीडीएफबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

डिजिटल युगातली मुलं म्हणून आपण त्यांच्यावर अन्याय करतोय. माझ्या खिडकीशी येणारी मुलं मोबाईलवर पैसे पाठवतात, तिकिटं काढतात, व्हिडिओ कापून जोडतात. त्याच मुलांना ईमेलला फाईल जोडता येत नाही, कारण व्हॉट्सॲपवर कधी लागलंच नाही. गुगलवर मराठीत शोधता येतं हे अर्ध्यांना माहीत नाही. ‘Ghasara’ असं रोमनमध्ये टाकतात आणि भलतंच काही आलं की ‘मॅडम, नेटवर नाही’ म्हणतात. मी त्यांच्या मोबाईलवर मराठी कीबोर्ड चालू करून देते. दोन मिनिटांचं काम. एका मुलीनं पहिल्यांदा ‘भागभांडवल’ टाइप केलं आणि विश्वकोशाचं पान उघडलं, तेव्हा तिनं मला स्क्रीन फिरवून दाखवली. मराठी विश्वकोश सगळाच्या सगळा नेटवर फुकट आहे. महाराष्ट्राच्या राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकंही उतरवून घेता येतात. तिकडच्या सरकारनं केलेलं काम इकडं चालायला परवानगी लागत नाही, आणि तरी आमच्या मुलांपर्यंत ते पोचलेलं नाही.

आता शिक्षकांचं. जुन्या नोट्स सगळ्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशाच दिसणाऱ्या अक्षरांत, नाहीत. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथं अक्षरांच्या जागी चिन्हांची रांग दिसते. एका ऑनलाइन चाचणीत मराठी विषयाचाच पेपर तसा आला होता. कुठल्या संस्थेत ते सांगत नाही. वीस मिनिटं मुलं त्या चिन्हांकडं बघत बसली, काहींना वाटलं आपलाच मोबाईल बिघडला. एक मुलगा रडवेला होऊन माझ्याकडं आला, ‘मॅडम, मला मराठीच वाचता येईना झालंय.’ ते वाक्य मी विसरू शकत नाही. कन्नड विषयाच्या जुन्या फाईलींचंही असंच होतं, त्यामुळे ही कुणा एका भाषेची गोष्ट नाही. ऑनलाइनची पहिली पायरी हीच आहे हो: जे काही द्याल ते युनिकोडमध्ये द्या. मगच ते शोधता येतं, मोबाईलला वाचून दाखवता येतं, एका भाषेतून दुसरीत नेता येतं. नोट्सचे फोटो काढून टाकू नका. फोटोत शोधता येत नाही आणि बारीक अक्षर वाचता येत नाही.

आणि जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना दोन तास द्या. शोधायचं कसं, फाईल ठेवायची कुठं, मराठी आणि कन्नड टाइप कसं करायचं. हे दोन तास दिल्याशिवाय एकही लिंक पाठवू नका.

निपाणी_नाका

मी थोडा वेगळा सूर लावतो. मला ऑनलाइन हवंय, आणि आणखी हवंय.

वडील गेल्यावर बारावीनंतर तंबाखूच्या वखारीत हिशेबाला लागलो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. कॉलेजला हजेरी लागते, ती माझ्याच्यानं होणार नाही. मावसभाऊ कागलला राहतो, तो नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून मराठीत बी.ए. करायलाय. कोगनोळीचा नाका ओलांडला की ती सोय आहे, अलीकडं नाही, कारण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरशिक्षण राज्याच्या हद्दीतच द्यावं लागतं. खरं यूजीसीच्या २०२० च्या नियमांत पूर्ण ऑनलाइन पदवीला हद्द नाही. मान्यता असलेली ऑनलाइन पदवी देशात कुठूनही करता येते. मला हे कळलं तेव्हा वखारीच्या पायरीवर बसून मी तो कागद तीन वेळा वाचला. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मराठीतून पूर्ण ऑनलाइन पदव्या वाढवल्या तर सीमाभागातल्या पोराला निपाणी न सोडता मराठीत पदवी मिळेल. आपल्या लोकांनी निवेदनांत हे मागायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एक कोर्स केला मी, हिशेबाचाच. ९ जुलै २०१७ ला सुरू झालंय ते पोर्टल. व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतः तपासायची चाचणी आणि प्रश्न विचारायची जागा, चारही मिळतात. नाव घालायला पैसे नाहीत, परीक्षेला भरावे लागतात. माझ्या कोर्सला असाइनमेंटचे २५ टक्के, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. रात्री जेवून साडेनवाला बसायचो, एक व्हिडिओ तीन वेळा थांबवून बघायचो. वर्गात कुठले सर तीन वेळा सांगणार? पास झालो. आणि आता कॉलेजात असणाऱ्यांना सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयं’वरून घेता येतात असा २०२१ चा नियम आहे. आधी २० होता. किती कॉलेजं मुलांना हे सांगतात?

नंदगडच्या काकू, तुमचं दुःख कळतं. माझ्या बहिणीचं तसंच झालं. खरं ज्याला कॉलेजला जाताच येत नाही त्याच्यासाठी दार उघडं ठेवा एवढंच मागणं आहे.

नंदगडची_आई

बाळा, तुझ्यासाठी दार उघडं पाहिजेच. तू दिवसभर राबून शिकतोस. माझ्या मुलीला मात्र त्याच दारातून घरात ढकलू नये. दोन्ही लिहा, सर.

उपग्रहकाळ

निपाणीच्या मुला, ‘तीन वेळा थांबवून बघायचो’ हे वाक्य मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवलं. आमच्या उपग्रहाच्या खोलीत थांबवता येत नव्हतं. एकदा निसटलं की गेलं. रेकॉर्डिंगची खरी ताकद तिथं आहे, आणि लाईव्ह क्लास घेताना आपण नेमकी तीच टाकून देतो.

मलप्रभाकाठ

चार दिवस उशिरा लिहितोय. मध्ये एक प्रयोग केला.

घसाऱ्याचा धडा दोन तुकड्यांत बोललो, एक नऊ मिनिटांचा, एक अकरा. उपग्रहकाळ सरांच्या म्हणण्याप्रमाणं फक्त आवाज. मेष्ट्रू सरांच्या म्हणण्याप्रमाणं आधी इंग्रजी संज्ञा, स्पेलिंग, मग मराठी, मग एकदा कन्नड. कन्नड वाक्यं माझ्या एका सहकारी मॅडमनी बोलली, माझा उच्चार त्यांना पसंत नव्हता. गिरणवाल्या मुलालाच विचारलं, तुझा प्रश्न तुझ्या आवाजात घालू काय? तो लाजला, मग तयार झाला. त्याचा आवाज मध्येच येतो, ‘सर, आमचा रबर रोल झिजतो...’ फळ्याचा एक फोटो. बुधवारी रात्री वर्गाच्या गटावर टाकलं, शुक्रवारी वर्गात काहीच शिकवलं नाही. नुसतं ‘काय अडलं?’ विचारलं.

पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मला वाटलं, फसलं. मग त्या उर्दू शाळेतल्या मुलांपैकी एक, जो वर्षभरात उभा राहिलेला नाही, तो म्हणाला, ‘सर, जमिनीला घसारा का नाही लावत? आमची जमीन पण झिजते, पावसात माती जाते.’ तास संपला तरी वाद चालू होता.

समितीला लिहून दिलं, त्याचा आशय असा: कॉलेजचा एकही पूर्ण दिवस ऑनलाइन करू नये. व्याख्यानाचा जो भाग पाठीमागं जाऊन पुन्हा ऐकण्यासारखा आहे तो आवाजात, दहा मिनिटांच्या आत, द्यावा. ज्या कॉलेजात ज्या भाषांतून मुलं आली आहेत त्या भाषांत त्याच कॉलेजच्या शिक्षकांनी तो बोलावा. वरून आलेलं एकच रेकॉर्डिंग लावू नये. मजकूर युनिकोडमध्येच. जूनमध्ये दोन तास मोबाईलवर शिकायचं कसं याचे. आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी स्वयंची माहिती नोटीस बोर्डावर तिन्ही भाषांत. मंजूर होईल की नाही पुढच्या महिन्यात कळेल. कळो न कळो, आम्ही तिघं शिक्षक तुकडे बोलायला बसणारच आहोत. भागीदारी, कंपनी खाती आणि खर्च लेखा, एवढं दिवाळीपर्यंत करायचं आहे. मराठीत बोलणारे आणखी दोघं-तिघं हवेत, कन्नडसाठी मेष्ट्रू सर, तुमच्याकडं बघतोय.

चिकोडी_मेष्ट्रू

मी आहे. भागीदारी मला द्या. आमच्या गावच्या ऊसतोड टोळीच्या हिशेबावरून सांगतो, दोन्ही भाषांत.

कणकुंबी_चढ

सर, तो घसाऱ्याचा तुकडा इथं टाकाल काय? मी तुमच्या कॉलेजात नाही. खरं आमच्या गटावर अठरा जण आहेत, सगळे तेच शिकायलेत. खर्च लेखा झाला की तो पण.

ग्रंथालय_खिडकी

रेकॉर्डिंगला जागा लागेल ना? शनिवारी चारनंतर आमच्या ग्रंथालयाची मागची खोली मोकळी असते. रस्त्याचा आवाज येत नाही. पंखा मात्र बंद ठेवावा लागेल, तो खडखडतो. मी थांबेन, किल्ली माझ्याकडंच असते.